भाडेवाढ 30 पेसोंची, हिशेब 30 वर्षांचा

हे प्रकरण चिलीचे आहे, ऑक्टोबर 2019 ते डिसेंबर 2023 या काळातले. सामान्य माणसांची नावे यात नाहीत आणि राज्यकर्त्यांचा उल्लेखही पदानेच केला आहे. लोकशाहीत विषमता वाढली की लोक जास्त मतदान करतात की मतदानाकडे पाठ फिरवतात, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. एका देशाने चार वर्षांत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दिली, तीही एकाच मुद्द्यावर. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे वाटले.

पार्श्वभूमी

चिलीची राजधानी सांतियागो शहरात प्लाझा इतालिया नावाचा चौक आहे. तिथून पूर्वेला, अँडीजच्या पायथ्याकडे जावे तर लास कोंदेस, विताकुरा, लो बार्नेचेआ ही सधन उपनगरे लागतात. पश्चिमेला आणि दक्षिणेला ला पिंताना, पुएंते आल्तोसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. माणूस 'चौकाच्या वरचा' की 'चौकाच्या खालचा', एवढे कळले की त्याची शाळा, दवाखाना आणि पगार यांचा अंदाज तिथे बांधला जातो. खालची माणसे रोज मेट्रोने आणि बसने वर जातात: घरकामाला, पहाऱ्याला, दुकानांत. अशा माणसाला विषमता समजायला अहवाल लागत नाही, तो रोज दोनदा तिच्यातून प्रवास करतो.

अहवाल मात्र उलटे सांगत होते. 1973 च्या उठावानंतर आलेली लष्करी राजवट 1990 मध्ये संपली. तेव्हा उत्पन्नातील विषमता मोजणारा गिनी निर्देशांक सुमारे 0.57 होता, तो 2017 पर्यंत सुमारे 0.44 वर आला, म्हणजे विषमता घटली. दारिद्र्य झपाट्याने घटले. 2010 मध्ये चिलीला श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटाचे सदस्यत्व मिळाले. ऑक्टोबर 2019 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांनी अशांत लॅटिन अमेरिकेत आपला देश वाळवंटातल्या हिरवळीसारखा असल्याचे सांगितले. त्यांच्यासमोरचे आकडे खोटे नव्हते.

लोकांच्या समोर दुसऱ्या गोष्टी होत्या. पेन्शन 1981 पासून खाजगी कंपन्यांकडे गेली होती. पगाराचा 10 टक्के भाग दरमहा कापला जाई, आणि म्हातारपणी निम्म्याहून अधिक पेन्शनधारकांच्या हाती किमान वेतनाइतकीही रक्कम येत नसे. लष्कराला मात्र ही पद्धत लागू नव्हती, त्यांची पेन्शन वेगळी आणि चांगली. औषध दुकानांच्या साखळ्यांनी आणि टॉयलेट पेपरच्या कंपन्यांनी संगनमताने किमती ठरवल्याची प्रकरणे उघड झाली होती. 2018 मध्ये करचुकवेगिरीच्या एका गाजलेल्या खटल्यात दोन बड्या उद्योगपतींना तुरुंगात जावे लागले नाही, शिक्षेचा भाग म्हणून त्यांना नीतिशास्त्राचे वर्ग करायला सांगण्यात आले. ही बातमी देशात प्रत्येकाला माहीत होती. गिनी निर्देशांक कोणाला माहीत होता?

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2017 मध्ये चिलीतील विषमतेवर सविस्तर अहवाल काढला. त्यात पैशाच्या बरोबरीने वागणुकीची विषमता मांडली होती: दवाखान्यात, कचेरीत, कामाच्या जागी आपल्याला तुच्छ लेखले जाते, आणि त्याचे कारण आपला वर्ग आहे, असे लोक सांगत होते. विषमतेची जाणीव म्हणजे काय, हे मला या अहवालाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसले नाही. खिशातला फरक माणूस एक वेळ सोसतो, पाणउतारा विसरत नाही.

प्रश्न नेमका काय होता

इतका राग साठला होता तर तो मतपेटीत का उतरला नाही? याचे उत्तर निम्मे कायद्यात आहे, निम्मे अनुभवात.

2012 पर्यंत चिलीत मतदार म्हणून नाव नोंदवणे ऐच्छिक होते आणि एकदा नोंदवले की मतदान सक्तीचे. 2012 मध्ये हे उलटे केले: नोंदणी आपोआप, मतदान ऐच्छिक. दार मोठे केले की जास्त लोक आत येतील अशी अपेक्षा होती. झाले भलतेच. 2016 च्या पालिका निवडणुकीत मतदान जेमतेम 35 टक्के झाले. सांतियागोत चौकाच्या वरच्या भागांत लोक बऱ्यापैकी मतदान करत राहिले, आणि ज्यांच्या वस्तीत शाळा-दवाखान्याची सर्वाधिक गरज होती ते घरी बसू लागले.

मराठी वाचकाला इथे जरा थांबावे लागेल, कारण आपली सवय उलटी आहे. आपल्याकडे गडचिरोली-चिमूरमध्ये 2024 च्या लोकसभेला सुमारे 72 टक्के मतदान होते आणि दक्षिण मुंबईत सुमारे 50 टक्के. गरीब माणूस रांगेत उभा राहतो, सधन माणूस जोडून सुटी घेतो, हे चित्र आपण गृहीत धरतो. ते जगाचे चित्र नाही. ज्या देशांत मतदान ऐच्छिक आहे आणि मताने काही बदलेल हा विश्वास आटला आहे, तिथे आधी गरीब गळतो.

चिलीत तो विश्वास का आटला? 1980 ची राज्यघटना लष्करी राजवटीत लिहिलेली होती. पुढे तिच्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, तरी महत्त्वाचे कायदे बदलायला साध्या बहुमताहून मोठे बहुमत लागे. त्यातच 2015 मध्ये बदलेपर्यंत निवडणूक पद्धत अशी होती, की प्रत्येक मतदारसंघात दोन जागा आणि दोन्ही जिंकायच्या तर दुसऱ्या आघाडीच्या दुप्पट मते हवीत. बहुतेक ठिकाणी एक जागा याला, एक त्याला. मतदान करा वा न करा, निकाल जवळपास ठरलेला. 2006 आणि 2011 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, 2016 मध्ये पेन्शनसाठी लाखोंचे मोर्चे निघाले. म्हणजे लोक राजकारणापासून दूर गेले नव्हते. मतपेटी तेवढी त्यांच्या राजकारणातून वजा झाली होती.

ठिणगी

6 ऑक्टोबर 2019 पासून सांतियागो मेट्रोचे गर्दीच्या वेळचे भाडे 800 वरून 830 पेसो झाले. हिशेब करून पाहू. त्या वेळी किमान वेतन महिना 3,01,000 पेसो होते. रोज दोन फेऱ्या, महिन्याला 25 दिवस धरले तर प्रवासाला 41,500 पेसो, म्हणजे किमान वेतनाचा जवळजवळ 14 टक्के. वाढ मात्र महिन्याला 1,500 पेसोंची, वेतनाच्या अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्यासाठी कोणी शहर बंद पाडत नाही.

त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट ही, की आंदोलन सुरू केले शाळकरी मुलांनी, आणि विद्यार्थ्यांचे भाडे वाढलेच नव्हते. मुले आईबापांसाठी तिकीट गेटांवरून उड्या मारत होती. स्वार्थाच्या चौकटीत हे बसत नाही. आपल्या घरातल्या माणसाला कसे वागवले जाते, या चौकटीत लगेच बसते.

सरकारची पहिली प्रतिक्रिया निर्णायक ठरली. सकाळी 7 च्या आधी भाडे कमी असे. त्यावर अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री म्हणाले, की जो लवकर उठेल त्याला स्वस्त भाड्याचा लाभ मिळेल. हे सांगितले कोणाला? पुएंते आल्तोहून पहाटे अंधारात निघून लास कोंदेसला कामाला जाणाऱ्यांना. भाडे सोसले असते, पण हे वाक्य घराघरांत पोहोचले आणि जिव्हारी लागले.

सरकारपुढचे पर्याय

18 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अनेक मेट्रो स्थानकांना आगी लागल्या, मेट्रो बंद पडली, लाखो माणसे पायी घरी निघाली. त्या रात्री सरकारपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानायचा. जाळपोळ खरी होती, लुटालूट खरी होती, आणि दुकान जळालेला छोटा दुकानदारही नागरिकच होता, त्यामुळे ही वाट अगदीच निराधार नव्हती. दुसरी, हा पैशाचा प्रश्न मानायचा: भाडेवाढ मागे, पेन्शनमध्ये वाढ, थोडा जास्त कर. तिसरी, प्रश्न राजकीय मानायचा, म्हणजे देशाचे नियम कोणी लिहिले आणि ते बदलायला आपला हात पोहोचतो का, हा लोकांचा सवाल थेट मान्य करायचा.

सरकार या तिन्ही वाटांनी गेले, याच क्रमाने. प्रत्येक वेळी आधीची वाट खुंटल्यावर पुढची धरली.

काय केले गेले

त्याच रात्री आणीबाणी जाहीर झाली. सैन्य रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागली. राजधानीने राजकीय कारणासाठी सैन्य आणि संचारबंदी पाहिली होती ती लष्करी राजवटीत. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या मनात त्या एका दृश्याने काय जागे झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. 19 तारखेला भाडेवाढ थांबवली. 20 तारखेला राष्ट्राध्यक्ष म्हणाले, आपण एका बलाढ्य शत्रूशी युद्धात आहोत. राजधानीची सुरक्षा ज्या सेनापतीकडे होती त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, की आपले कोणाशीही युद्ध नाही. याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा खाजगी ध्वनिसंदेश फुटला: हे परग्रहवासीयांच्या आक्रमणासारखे आहे, आणि आपल्याला आपल्या सवलती कमी करून इतरांशी वाटून घ्याव्या लागतील. त्या घाबरल्या होत्या आणि मनापासून बोलत होत्या. पण चौकाच्या खालच्या माणसाला त्यातून कळले ते एवढेच: वरच्यांना आम्ही परग्रहावरचे वाटतो.

22 तारखेला दुसरी वाट धरली. सरकारी मूलभूत पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ, 3,50,000 पेसोंच्या किमान उत्पन्नाची हमी, मोठ्या उत्पन्नावर 40 टक्के कराचा नवा टप्पा. एरवी अशा घोषणांचे स्वागत झाले असते. तीन दिवसांनी, 25 ऑक्टोबरला, सांतियागोत 12 लाखांहून अधिक लोक जमले. ते जमले प्लाझा इतालियावर, शहराच्या त्या सीमारेषेवरच, आणि तिला त्यांनी नाव दिले सन्मान चौक. घोषणा होती, '30 पेसो नव्हे, 30 वर्षे', म्हणजे लष्करी राजवट संपल्यापासूनची वर्षे. सरकार रक्कम वाढवत होते, लोक मान मागत होते.

मंत्रिमंडळ बदलले, आणीबाणी उठली, हिंसा थांबली नाही. या सबंध काळात 30 हून अधिक माणसे मेली. पोलिसांच्या छर्‍यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी कायमची गेली. 12 नोव्हेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांपुढे पुन्हा तोच पेच होता: सैन्य परत बोलवायचे की राजकीय तोडगा काढायचा. त्यांनी तोडगा निवडला. माझ्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो उजव्या सरकारने घेतला याची नोंद व्हायला हवी. 15 नोव्हेंबरच्या पहाटे बहुतेक पक्षांनी करार केला: नवी राज्यघटना हवी का, हे सार्वमताने ठरेल. कम्युनिस्ट पक्ष सहीला आला नाही. डाव्या बाजूच्या एका तरुण खासदाराने स्वतःच्या पक्षाचा पाठिंबा नसताना वैयक्तिक सही केली, आणि पुढे दोन वर्षांनी तोच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

परिणाम

कोरोनामुळे पुढे ढकललेले सार्वमत 25 ऑक्टोबर 2020 ला झाले. सुमारे 75 लाख मते पडली, मतदान जवळपास 51 टक्के. नव्या घटनेच्या बाजूने 78 टक्के. देशातल्या 346 पालिका क्षेत्रांपैकी फक्त पाचांनी नकार दिला आणि त्यांतली तीन होती विताकुरा, लास कोंदेस आणि लो बार्नेचेआ. वर्षानुवर्षे घरी बसलेले तरुण आणि गरीब वस्त्यांतले मतदार या वेळी केंद्रावर दिसले. राग तोच होता, वस्त्या त्याच होत्या. बदल एवढाच झाला, की आपले मत थेट मुळाला लागेल असे त्यांना पहिल्यांदा वाटले.

हे प्रकरण इथे संपवले असते तर ते फार सोपे झाले असते.

मे 2021 मध्ये 155 सदस्यांची संविधान सभा निवडली गेली. स्त्री-पुरुष समान प्रतिनिधित्व, मूलनिवासींसाठी 17 राखीव जागा, पहिली अध्यक्ष मापुचे या मूलनिवासी समाजातली एक विदुषी. उजव्या पक्षांना 37 जागा मिळाल्या, म्हणजे मजकूर अडवायला लागणारा एक तृतीयांशही नाही. पण या निवडणुकीला निम्म्याहून कमी मतदार आले होते. सभेने 78 टक्क्यांचा कौल डोळ्यांपुढे ठेवला. न आलेल्यांचा विचार मागे पडला. रस्त्यावरच्या आंदोलनाचा चेहरा असलेले, पक्षांबाहेरचे बरेच जण निवडून आले होते. त्यांतल्या एकाने कर्करोगाचे खोटे सांगितल्याचे उघड झाले, तेव्हा 'आपली माणसे' या भावनेला मोठा तडा गेला.

दरम्यान लोकांची परिस्थितीही बदलली. कोरोनाकाळात संसदेने पेन्शन खात्यातून तीन वेळा 10-10 टक्के रक्कम काढू दिली. आजवर कंपनीच्या ताब्यात असलेला, नावापुरता पैसा लोकांनी हातात घेऊन पाहिला. त्या दिवसापासून तो 'माझा पैसा' झाला. नव्या घटनेत हा पैसा आणि घराची मालकी सुरक्षित राहील का, ही भीती मग सहज पसरली. तिच्यात अफवांचा वाटा होता, पण अफवा रुजायला जमीन तयार होती. ऑगस्ट 2022 मध्ये महागाई 14 टक्क्यांच्या घरात गेली.

4 सप्टेंबर 2022 ला 388 कलमांचा मसुदा सार्वमताला आला. या मतदानाला सक्ती होती. 1 कोटी 30 लाख लोकांनी मत दिले, सुमारे 86 टक्के. नकार 62 टक्के. नुसती नकाराची मते सुमारे 79 लाख भरली, म्हणजे 2020 मध्ये दोन्ही बाजूंना मिळून पडलेल्या मतांहून जास्त. आणि नकार फक्त चौकाच्या वरच्यांचा नव्हता, गरीब ग्रामीण भागांत तो सरासरीहून जास्त होता.

पुढे उजव्यांच्या वर्चस्वाखालच्या दुसऱ्या मंडळाने नवा मसुदा लिहिला. 17 डिसेंबर 2023 ला तोही सुमारे 56 टक्क्यांनी फेटाळला गेला. 1980 ची घटना आजही लागू आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा 6 ते 18 ऑक्टोबर 2019 हे बारा दिवस. भाडेवाढ मागे घेणे हा उपाय 19 तारखेला सुचला, तो 8 तारखेला सुचला असता तर फरक पडला असता का? कदाचित थोडा. माझ्या मते भाड्याहून भाषा महत्त्वाची होती. तिकीट गेटांवर उड्या मारणाऱ्या मुलांशी एखाद्या मंत्र्याने जाऊन बोलणे, तुमच्या आईला कामावर पोहोचायला किती वेळ लागतो असे विचारणे, याला खर्च नव्हता. सरकारकडे विषमतेचा तक्ता होता, पण लोकांना ती कशी जाणवते हे सांगणारा दोन वर्षांपूर्वीचा अहवालही होता. तक्त्यावर विश्वास ठेवला गेला.

दुसरी जागा त्याहून जुनी, 2012 ची. मतदान ऐच्छिक करणारा कायदा चांगल्या हेतूने झाला. पण सक्ती उठल्यावर कोण गळेल, याचा वस्तीनिहाय अंदाज आधीच घेता आला असता. ज्या भागातून मतच येत नाही त्या भागाकडे उमेदवारही फिरकत नाही, मग तिथल्या माणसाची 'आपल्याला कोणी विचारत नाही' ही समजूत रोज खरी ठरते. विषमतेची जाणीव आणि गळती यांचे हे चक्र सात वर्षे फिरत होते. 2023 मध्ये सक्ती कायमची परत आणली गेली. मी स्वतः सक्तीच्या बाजूने नव्हतो. या प्रकरणानंतर माझे मत डळमळले आहे, कारण सक्ती नसताना आलेला कौल कोणाचा असतो, हे इथे उघड दिसले.

तिसरी जागा मला सर्वांत जास्त सलते. 2020 च्या सार्वमताच्या रात्री सन्मान चौकात जल्लोष चालू होता तेव्हा जवळपास निम्मा देश मतदानाला आलेला नव्हता. संविधान सभेला हे माहीत होते, आणि अखेरचे सार्वमत सक्तीचे असणार हेही 2019 च्या करारातच ठरले होते. म्हणजे मसुद्याचा खरा परीक्षक ठरणार होता तो, ज्याने ना मोर्चा काढला ना मत दिले. त्याला विषमता दिसत नव्हती असे मुळीच नाही. पण त्याच्या मनात तिचा अर्थ वेगळा होता: महिनाअखेर, पेन्शन, घराचा कागद, गल्लीतली चोरी. चौकातल्या माणसाच्या मनात तिचा अर्थ होता राज्यव्यवस्था बदलणे. सभेने दोघांना एकच समजले. कामकाज सांतियागोच्या जुन्या संसद भवनात चालत असताना ला पिंतानात, दक्षिणेच्या खेड्यांत, न आलेल्या मतदारांच्या बैठका घेऊन पेन्शन आणि घर या दोनच कलमांवर आधी बोलता आले असते. 388 कलमांऐवजी कमी कलमे, आणि घराच्या मालकीबद्दल पहिल्याच महिन्यात स्पष्ट, शंकेला जागा न ठेवणारे वाक्य, एवढ्याने निकाल फिरला असता असे मी म्हणणार नाही. 62 टक्के हा फार मोठा आकडा आहे. पण घराचा कागद छातीशी धरून बसलेल्या माणसाने नकार देण्याआधी आपले निदान ऐकले गेले, असे त्याला वाटले असते.

पेन्शनमध्ये मालकाच्या वर्गणीची भर घालणारी सुधारणा जानेवारी 2025 मध्ये संसदेत मंजूर झाली, डाव्या सरकारने उजव्या विरोधकांशी तडजोड करून. ती वाढ पगारपत्रकात टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत उतरणार आहे. 2016 च्या मोर्च्यात चाललेल्यांपैकी अनेक जण तोवर निवृत्त झालेले असतील.